बर्फासाठी पट्टा

दिपालीचे तीन फोटो आले तेव्हा ज्योतिबा चौगुले उसाच्या ट्रॉलीखाली उताणा पडला होता. साखर कारखाने सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण निपाणीच्या आसपासच्या ट्रॉल्या त्याआधीच दुरुस्तीला निघतात. ज्योतिबा खरा मोटरसायकलचा मिस्त्री. तरी या दिवसांत त्याला ट्रॉलीखाली शिरावंच लागे. खिशातला फोन लागोपाठ थरथरला. तो सरकत बाहेर आला, ग्रीसचे हात चिंध्यांना पुसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बघत राहिला.

फोटोत मोटरसायकल होती आणि नव्हती. मागच्या चाकाच्या जागी रणगाड्याला असतो तसला रबरी पट्टा होता, त्याला बाहेरून दाते. पुढच्या चाकाच्या जागी एक रुंद फळी, होडीच्या नाकासारखी टोकाला वर वळलेली. तिन्ही फोटोंत तेच, पण पट्टे वेगवेगळे. खाली दिपालीनं लिहिलं होतं, ‘आप्पा, हे किट आपल्या गाडीला बसवायचं. मग ती बर्फात चालते. तिन्हीतलं कुठलं घेऊ? तुम्ही सांगाल तेच.’

तो फोन घेऊन रस्ता ओलांडून बेबीआक्काच्या चहाच्या गाड्यावर गेला. बेबीआक्कानं पदराला हात पुसून फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हे काय रं, नांगर हाय काय?”

“दिपाची गाडी.”

“तिच्या गाडीला चाकं होती की.”

“ती काढायची आणि हे लावायचं म्हणं. बर्फात फिराय.”

“अगं बया,” बेबीआक्का म्हणाली. “आमी बसलोय पोरगी लग्नाचं फोटू पाठवील म्हणून, ती पट्टं पाठवायली.” तिनं फोन परत दिला आणि चहा ओतला. “मग गाडी तिकडं जाणार म्हण की.”

ज्योतिबाच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य आलं होतं, आणि ते बेबीआक्कानं आधी बोलून टाकलं.

गाडी म्हणजे शर्यतीची, अडीचशे सीसीची, मातीवर उड्या मारायला बनवलेली. पुण्याच्या एका शर्यतवाल्यानं खांद्याचं हाड मोडल्यावर ती सुट्या भागांत विकायला काढली होती. ज्योतिबानं ते भाग तीन पोत्यांत घालून आणले. बायको जाऊन थोडेच महिने झाले होते. घरात बापलेक दोघंच, आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. मग त्यांनी गाडी जोडली. अमुक पाना दे, तमुक बोल्ट धर, एवढंच बोलणं, पण दिवसभराचं. दिपाली अकरावीत होती. गाडी सुरू झाली तेव्हा ती पहिल्यांदा तिनंच चालवली.

पुढं ती मातीवरच्या शर्यतींत उतरू लागली. पदवी झाल्यावर गिर्यारोहणाचं शिकायला म्हणून हिमाचलात गेली ती तिकडंच राहिली. लाहौलमध्ये, मोठ्या बोगद्याच्या पलीकडं, एका गावात. उन्हाळ्यात लोकांना डोंगरावर नेते, हिवाळ्यात तिथलंच काहीबाही करते. निपाणीला वर्षातून एकदा येते, दिवाळीनंतर, बेळगावजवळ मातीची शर्यत असते तेव्हा. आठवडाभर राहते. ज्योतिबा त्याच्या कितीतरी आधी गाडी खोलायला घेतो. ती आली की दोघं मिळून जोडतात, शर्यत होते आणि ती परत जाते.

ती घराकडं येते की गाडीकडं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता ते विचारायची वेळ आली होती, आणि तो ट्रॉलीखाली परत जाऊन बेअरिंग ठोकत बसला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

“बघितलासा काय?”

“बघितलं. कशाला पाहिजे?”

“वरच्या वाडीवर जायला, आप्पा. बर्फ पडला की रस्ता बंद होतो. औषधं, रॉकेल, सगळं पाठीवर न्यायचं. गेल्या हिवाळ्यात मी आणि अंगरूप एका म्हातारीसाठी सलाईन घेऊन चाललो होतो. कमरेपर्यंत रुतले मी. त्यानं दोर टाकून ओढलं.”

अंगरूप म्हणजे तिच्याबरोबर काम करणारा तिथला पोरगा. तिच्या बोलण्यात त्याचं नाव असायचंच. याहून जास्त ज्योतिबाला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

“हे तू सांगितलं न्हाईस कधी.”

“सांगून काय करणार होता तुम्ही? निपाणीतनं दोर टाकणार होता?” ती हसली. “दिल्लीचा एक माणूस बाहेरनं माल मागवतो. तो आता ऑर्डर द्यायलाय. नंतर बोगद्याच्या तोंडाशीच बर्फ साचतो, काय येत न्हाय. तुम्ही मापं घेऊन सांगा. आपल्या गाडीचं तुमच्याशिवाय कुणाला कळणार?”

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीवरचा कापडी बुरखा काढला. मागचं चाक उतरवलं, चाकाला धरून ठेवणारा लोखंडी चिमटा सोडवला आणि व्हर्नियरनं मापं घेतली. हे काम त्यानं इतक्या बारकाईनं केलं की ट्रॉलीवाला दारात येऊन उभा राहून परत गेला ते त्याला समजलंही नाही. किटचा सांगाडा चिमट्याच्या जागीच बसणार होता. त्यासाठी आडवा जाणारा बोल्ट योग्य जाडीचा हवा. तो होता. चेनची रेषा जुळत होती. पुढच्या चाकाला धरणारे दोन नळे त्या फळीला घेणार होते.

राहिला प्रश्न तिन्हीतल्या एकाचा. सगळ्यात स्वस्त होतं ते त्यानं फोटो मोठा करून बघितलं आणि लगेच बाजूला टाकलं. वेल्डिंगवर रंगाचा जाड थर होता. वेल्डिंग चांगलं असेल तर कोणी एवढा रंग थापत नाही. उरली दोन. एकाचा पट्टा आखूड आणि अरुंद, दाते खोल. दुसऱ्याचा लांब आणि रुंद.

ज्योतिबानं आखूड निवडला. त्याला त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. निपाणीच्या काळ्या रानातला चिखल तो जन्मापासून बघत आला होता. रुंद चाक चिखलावर पसरतं, फिरतं आणि जागच्या जागी लोळतं. अरुंद चाक चिखल कापत खाली जातं, खालच्या घट्ट जमिनीला लागतं आणि गाडी ओढून काढतं. एका साली बेळगावच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, तेव्हा त्यानं सगळ्यांचं हसणं ऐकत मागं अरुंद टायर घातला होता. त्या दिवशी दिपाली पहिली आली होती. शिवाय आखूड पट्टा म्हणजे वजन कमी, आणि तिथली हवा विरळ असल्यानं इंजिनाचा दम तसाही कमी पडणार.

त्यानं तिला हे सगळं फोनवर सांगितलं. गाडी जाणार याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. ती म्हणाली, “बरं. मग तेच सांगते दिल्लीला.”

त्यानंतरचे दोन दिवस त्यानं गाडी परत जोडली नाही. चिमटा बाजूला, चाक भिंतीला टेकलेलं. दारावरून जाणारे थांबून विचारत, “यंदा लवकर खोललीस की?” तो मान हलवी.

मष्णू हवालदार आला तो त्याच्या मोपेडचा ब्रेक घट्ट करून घ्यायला. हा मूळचा खानापूरकडचा. मराठा रेजिमेंटमधून निवृत्त होऊन निपाणीत एका बँकेच्या दारावर बसत होता. ब्रेक होईपर्यंत बेबीआक्कानं दोन चहा पाठवले. बोलता बोलता ज्योतिबानं फोटो दाखवले आणि कुठला निवडला तेही सांगितलं. सांगताना चिखलाचं गणित सांगितलं, आणि ते सांगताना त्याला थोडं बरं वाटत होतं.

हवालदार बशीतला चहा फुंकत ऐकत होता. “तळ कुठला लागणार तुला?” तो म्हणाला.

“म्हंजे?”

“तू म्हणतोस, कापत खाली जाईल आणि घट्ट जमिनीला लागंल. अरं तिथं खाली बर्फ, त्याच्याखाली बर्फ. मी द्रासला दोन हिवाळं काढल्यात. खेचर सोडलं तर पोटापातूर जातंय. पाय बारीक की त्याचं. आमाला टोपल्यागत रुंद जाळ्या द्यायचं, बुटाखाली बांधाय. वर तरंगाय पाहिजे तिथं. कापाय गेलास की मेलास.”

“मेलास म्हणू नको.”

“बरं, न्हाय म्हणत.” हवालदारानं बशी खाली ठेवली. “पण रुतली आणि वारं सुटलं तर गाडी सोडून चालाय लागतंय. आणि चालणारा बी रुततोयच की. लांब घ्यायला सांग तिला. आणि माझा ब्रेक बघ, का बर्फाची वाट बघायलास?”

हवालदार गेल्यावर ज्योतिबा स्टुलावर बसून राहिला. कमरेपर्यंत रुतलेली दिपाली त्याच्या डोळ्यांसमोर आली, पण बर्फाचं चित्र त्याला नीट जमेना. त्याला चिखलच दिसत होता, पांढरा केलेला. आपण मुलीला तिथल्या तिथं फिरणारं, खाली खाली जाणारं यंत्र निवडून दिलं, हे त्याच्या लक्षात आलं. ताबडतोब फोन करायला हवा होता. त्यानं फोन हातात घेतला.

आणि मग त्याला दुसरी गोष्ट सुचली. ती सुचली याचंच त्याला पुढं वाईट वाटत राहिलं.

“दिपा, ते आखूड सांगू नको दिल्लीला. चुकलं माझं. ते रुतणार.”

“अजून पैसे भरले न्हाईत. मग लांब घेऊ?”

समोर गाडी होती. चिमटा काढल्यानं मागून बसलेली, लाकडी ठोकळ्यावर टेकलेली. व्हर्नियर बाकावरच पडलेलं.

“लांबवालं बसत न्हाय,” तो म्हणाला. “आपला आडवा बोल्ट बारीक पडतोय त्याला. लांब पट्टा म्हंजे जोर लई येतोय. तुटंल.”

तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता. जाड बोल्ट घालता येणार नाही का, भोक वाढवून घेता येणार नाही का, लेथवर बुशचं कडं कातून मधे बसवता येणार नाही का. गॅरेजमध्ये वाढलेली मुलगी ती. यातला एक तरी प्रश्न तिनं विचारायला हवा होता. त्यानं तिन्हींची उत्तरं जुळवून ठेवली होती.

“बरं, आप्पा,” ती म्हणाली. “राहू दे मग.”

फोन ठेवल्यावर ज्योतिबाला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. तरी त्यानं चिमटा बसवला, बोल्ट ग्रीस लावून आत सारला. बोल्ट असा बसला की बोटानं ढकलला तरी पुरे. तो बारीक नव्हता. त्यावर त्यानं नट आवळला, गाडीवर बुरखा घातला आणि मनात दिवाळीचा हिशोब केला.

आठवड्याभरानं तिचा मेसेज आला. ‘आप्पा, गाडी विकून टाका. संकेश्वरचा नागेंद्र कधीचा मागतोय. आलेल्या पैशात इथं बर्फावर चालणारी जुनी स्नोमोबाईल बघतोय आम्ही. नागेंद्रला मी सांगितलंय, तो येईल बघायला.’

ज्योतिबानं तो परत परत वाचला. त्याच्या मोजणीत हे कुठंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, किट बसत नाही म्हटलं की गाडी इथं राहणार. गाडी इथं राहिली की ती येणार. तिला त्या वाडीवर जायचंय, गाडीनं जायचंय की आणखी कशानं याच्याशी तिला देणंघेणं नाही, हे त्यानं धरलंच नव्हतं.

नागेंद्र रविवारी सकाळी आला. विशीबाविशीचा, अंगानं सडपातळ, शर्यतीत दिपालीच्या मागं दोनदा आलेला. वागायला चांगला होता. आल्या आल्या त्यानं ज्योतिबाच्या पाया पडायचा प्रयत्न केला, गाडीला हात लावायच्या आधी परवानगी विचारली. मग गाडी काढून हायवेच्या बाजूच्या माळावर दोन फेऱ्या मारल्या. ज्योतिबा दारात उभा राहून आवाज ऐकत होता. गिअर बदलताना नागेंद्र थोडा थांबत होता. दिपाली थांबत नसे.

“एक नंबर ठेवलायसा, अण्णा,” परत आल्यावर तो म्हणाला. “सीट तेवढी उंच करून घेतो मी. आणि टाकीवरचं ते खरवडून रंग मारतो. चालंल न्हवं?”

टाकीवर दिपालीनं पहिल्या शर्यतीच्या वेळी ब्रशनं आकडा काढला होता. सात. शेपूट वाकडं आलेलं.

“कशाला खरवडायचं?”

“माझा नंबर येगळा हाय की अण्णा.”

यात नागेंद्रचं काही चुकत नव्हतं. गाडी घेणारा नंबर बदलणारच. ज्योतिबानं त्याच्या हातून किल्ली घेतली. “चहा पी,” तो म्हणाला. “गाडी विकायची न्हाय.”

“दिपालीआक्का तर म्हणालती की—”

“तिला काय म्हाईत न्हाय. मी सांगतो तिला.”

नागेंद्रनं रागावून काही म्हटलं नाही. बेबीआक्काच्या गाड्यावर चहा पिऊन गेला. जाताना बेबीआक्काला म्हणाला, “तुमच्या अण्णाचं डोकं फिरलंय काय?” आणि बेबीआक्कानं तो गेल्यावर रस्त्यापलीकडून ज्योतिबाला ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं.

दुपारी त्यानं दिपालीला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला तेव्हा मागं कुत्रं भुंकत होतं आणि कोणीतरी लाकडं फोडत होतं.

“नागेंद्र आलता,” ज्योतिबा म्हणाला. “दिली न्हाय मी.”

“का?”

“ते लांबवालं किट बसतंय. मी परत मोजलं. एक बुश काढून घातलं लेथवर की बसतंय.” हे त्यानं फोन लावायच्या आधीच ठरवलेलं होतं. बुश खरंच काढूनही टाकणार होता, पितळेचं, कुठंच न लागणारं.

पलीकडं लाकडं फोडायचा आवाज थांबला.

“बुश कशाला, आप्पा?” ती म्हणाली. “तो बोल्ट गेल्या साली मीच बदलला होता. तुम्ही संकेश्वरला गेलता, आणि मी बसवला. त्याची जाडी मला पाठ हाय. दिल्लीवाल्याला मी आधीच सांगून ठेवली होती.”

ज्योतिबाचा हात बाकाच्या कडेवर होता. तो त्यानं तिथून काढला नाही.

“मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?”

“तुम्हाला गाडी द्यायची न्हाय एवढं कळलं मला. त्यावर काय बोलणार? तुमची बी हाय की गाडी. जोडली तुम्हीच.”

“गाडीचं न्हवं,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला जमलं नाही. तिनंही ते मागितलं नाही. कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं आणि तिनं कोणाला तरी तिकडच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ती भाषा ती इतक्या सहज बोलते हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं.

“यंदा शर्यतीला जमणार न्हवतंच, आप्पा,” ती मग म्हणाली. “सांगायचं राहत होतं. हिवाळ्यात इथं दोघंच असतोय आम्ही. एक गेलं की दुसऱ्याला वर एकट्यानं जावं लागतं. म्हणून तर म्हटलं, गाडी तिथं नुसती उभी राहणार, इथं कामाला येईल.”

“आणि पुढच्या साली?”

“बघू की.”

बेळगावकडं ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते दोघांनाही माहीत होतं.

ज्योतिबा स्टुलावर बसला. “लांबवालंच घे. ऐक. लांब पट्टा ओढायला आपलं इंजिन कमी पडणार. म्हणून चेनची पुढची चक्री एक दात कमीची घालायची. ती मी करून पाठवतो. कार्बोरेटरचा मोठा जेट काढून बारका घालायचा, हवा विरळ हाय तिथं. दोन-तीन मापाचं देतो, घालून बघ, धूर काळा आला तर अजून बारका. पट्टा सैल ठेवू नको आणि लई ताणू बी नको. लिहून घ्यायलीस काय?”

“घ्यायले. सांगा.”

तो बराच वेळ सांगत राहिला. जे आधी सांगून झालं होतं तेही पुन्हा सांगितलं. ती “हं” म्हणत गेली. शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती म्हणाली, “चाकं पाठवू नका, आप्पा. वजन वाढतंय, आणि इथं ठेवायला जागा न्हाय. राहू देत तिथंच.”

“बरं,” तो म्हणाला.

चाकं तिथंच राहणार हे ऐकून त्याला आतून बरं वाटलं, आणि त्यानं ते दोन दिवस वाटू दिलं. चाकं काढून त्यानं भिंतीच्या खिळ्यांना टांगली. चाकांशिवाय गाडी उन्हाळ्यात तिकडं ठोकळ्यावर बसून राहणार. बर्फ वितळला की पट्ट्याचा उपयोग शून्य. तिला कधी गाडी रस्त्यावर काढावीशी वाटली तर चाकं लागतील, आणि ती निपाणीत आहेत. बेबीआक्का भांडी धुता धुता तिथूनच म्हणाली, “चाकं ठेवून घेतलास व्हय? शाणा हाईस.” तिला यातलं काही माहीत नव्हतं. तरी तिचं बोलणं बरोबर जागी लागलं.

ज्योतिबाच्या गॅरेजातून कुठलीच गाडी ढकलत बाहेर जात नसे. गिऱ्हाईक घाईत असलं, सामान मिळत नसलं तरी गाडी स्वतःच्या चाकांवर, चालू होऊन बाहेर गेली पाहिजे, हा त्याचा एकच नियम होता, आणि त्यापायी त्याची कितीतरी गिऱ्हाईकं तुटली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं चाकं भिंतीवरून उतरवली. मागचा टायर झिजला होता. तो बदलून नवा घातला. अरुंद नव्हे, तिकडच्या खडीला चालेल असा. चाकं बसवली, किक मारली, माळावर स्वतः एक फेरी मारली. शर्यतीची गाडी चालवायचं त्याचं वय नव्हतं. हळू चालवली. मग टेम्पोत घालून बेळगाव स्टेशनला नेली.

पार्सल ऑफिसात गाडी गोणपाटात बांधायला हमालांनी घेतली. काउंटरवरचा कारकून कागदावरून मान वर न करता कानडीत म्हणाला, “यारिगे?” कोणाला?

“मगळिगे,” ज्योतिबा म्हणाला. मुलीला.

कारकुनानं मान वर करून गाडीकडं बघितलं, मग ज्योतिबाकडं. “मुलगी चालवते?” आता त्यानं मराठीत विचारलं.

“व्हय.”

“टाकी रिकामी करा. पेट्रोल असलं तर घेत नाही.”

टाकीत माळावरच्या फेरीपुरतं घातलेलं पेट्रोल होतं. ज्योतिबानं नळी लावून ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काढलं. शेवटचे थेंब हातावरून मनगटापर्यंत ओघळले. गाडी आता चालू होणार नव्हती. दोन हमालांनी ती ढकलत फलाटाकडं नेली, आणि तो मागून मागून, सीटवर एक हात ठेवून, जिथपर्यंत जाऊ दिलं तिथपर्यंत गेला.

त्यानं बांधलेल्या गाडीचा फोटो काढून तिला पाठवला. गोणपाटातून दोन्ही चाकं गोल दिसत होती.

टेम्पोवाल्याला दुसरं भाडं मिळालं होतं, तो खानापूरकडं निघून गेला होता. ज्योतिबा पेट्रोलचा कॅन घेऊन बसस्टँडवर आला, तर निपाणीच्या बसचा कंडक्टर दारातच म्हणाला, “ते घेऊन न्हाय चढायचं.” बाहेर एक कॉलेजचा मुलगा स्कूटर लावत होता. ज्योतिबानं त्याला टाकीचं झाकण उघडायला सांगितलं.

“का, काका?”

“पेट्रोल हाय. मला न्हेता येत न्हाय.”

मुलानं संशयानं कॅनचा वास घेतला, मग झाकण उघडलं. ज्योतिबानं सगळं ओतलं, कॅन त्यालाच दिला आणि बसमध्ये चढला.

बस हायवेला लागली तेव्हा फोन वाजला. ‘चाकं पण पाठवली? ठेवा म्हटलं होतं की.’

त्यानं ‘उन्हाळ्यात लागतील’ असं लिहिलं. पाठवलं. बराच वेळ वर ‘टायपिंग’ असं दिसत होतं, मग ते गेलं, मग पुन्हा आलं. शेवटी आलं ते एवढंच, ‘बरं, आप्पा.’

काहीतरी राहिलं असं वाटून त्यानं पुन्हा लिहिलं, ‘चक्री आणि जेट सीटच्या खाली बांधल्यात. हिरव्या कापडात. आधी ते सोड.’ हे त्यानं सकाळीही कळवलं होतं.

ते गेलं. उत्तर आलं नाही. तिकडं डोंगराआड नेटवर्क जात असतं.

शेजारी एक बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळानं तिनं पदर नाकाला लावला, खिडकीची काच पूर्ण सरकवली, तरी मूल चुळबुळ करत राहिलं. “पेट्रोलचा लई वास यायलाय,” ती कोणाकडं न बघता म्हणाली. ज्योतिबानं हात मांडीखाली घातले. संकेश्वरला पुढची जागा रिकामी झाली तशी ती बाई मुलाला घेऊन तिकडं जाऊन बसली. तिथं चढलेल्यांतले दोघं त्याच्याजवळ आले, थबकले आणि मागं गेले. शेजारची जागा निपाणीपर्यंत रिकामीच राहिली.